पाठीला कळतं

पळता पळता तो मध्येच थांबायचा आणि उजवा हात सरळ वर करायचा. शाळेत हजेरी देताना पोरं करतात तसा. मग पंचाकडे बघून म्हणायचा, "लागला."

खो-खो तुम्ही पाहिला असेलच. पाठलाग करणाऱ्याचा हात लागला की पळणारा बाद. पण हात लागला हे पंचाला दिसावं लागतं, आणि धुळीत, पळापळीत ते पुष्कळदा दिसत नाही. अशा वेळी खेळाडू पळत राहतो. त्याला कुणी लबाडी म्हणत नाही, हुशारी म्हणतात. याला ती हुशारी कधी जमली नाही.

त्याच्याबद्दल लिहायचं मी फार वर्षं टाळलं. कॉलेजच्या स्मरणिकेसाठी आठवणी मागितल्या तेव्हा मी दुसऱ्यांवर लिहिलं. मागच्या उन्हाळ्यात तो गेला. रात्री जेवून झोपला तो सकाळी उठला नाही. त्याच्या तेराव्याला मांडवात बसलो होतो, तर माझ्या मागे दोघं जण हळू आवाजात बोलत होते. एक म्हणाला, "माणूस लाखात एक. पण ती एक मॅच सोडली बघ त्यानं."

मी मागं वळलो नाही. ताटातल्या बुंदीकडे बघत बसलो.

म्हणून आता लिहितोय. ती मॅच त्यानं सोडली नव्हती. हे खात्रीनं सांगू शकेल असा माणूस तेव्हाही एकच होता, आणि तो मी.

मी सोलापुरातल्या एका कॉलेजात क्रीडा संचालक होतो. कॉलेजचं नाव लिहीत नाही, त्याचंही लिहीत नाही. जुन्या मैदानावर ज्यांनी धूळ खाल्ली आहे त्यांना दोन्ही कळतील.

तो मला सांगोल्याकडच्या एका गावात दिसला. तालुक्याच्या स्पर्धा होत्या, मी पाहुणा म्हणून गेलो होतो. खुर्चीवर बसून कंटाळलो होतो, तेवढ्यात एक काटकुळा पोरगा अनवाणी मैदानात उतरला आणि समोरचा संघ त्याच्यामागं पळून पळून रडकुंडीला आला. हात अगदी पाठीशी येईपर्यंत तो सरळ पळायचा, आणि मग अंग असं चोरायचा की मागचा तोंडावर आपटायचा. मी त्याला बोलावून विचारलं, ही हुल कुणी शिकवली?

"कोकरानं," तो म्हणाला.

घरी थोडी मेंढरं होती. चुकार कोकरू धरायला गेलं की ते ऐन वेळी कसं वळतं, हे त्यानं लहानपणापासून पाहिलं होतं. मला वाटलं थट्टा करतोय. नंतर कळलं, याला थट्टा करता येत नाही.

जूनमध्ये त्याचे वडील त्याला घेऊन सोलापूरला आले. फी माफ, राहायला हॉस्टेल, दोन वेळचं जेवण, सगळं मी संस्थेकडून करून घेतलं होतं. वडिलांनी डाळिंबांची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "सर, ह्याला कुटंतरी चिकटवा. मेंढरामागं मी पळालो तेवढं बास झालं." मी छाती पुढं काढून सांगितलं की विद्यापीठाच्या संघात एकदा गेला की रेल्वेत नाहीतर पोलिसात, खेळाच्या कोट्यातून याला लावल्याशिवाय मी राहत नाही. म्हातारा माझ्या पाया पडायला वाकला. मी त्यांना थांबवलं, पण मनातून मला ते आवडलं.

हॉस्टेलवर पोरांनी त्याचं नाव 'पंच' ठेवलं. कारण सरावातसुद्धा तो स्वतःला बाद द्यायचा. मेसमध्ये आचाऱ्यानं ओरडून विचारलं की जास्तीची भाकरी कुणी घेतली, तर सगळे ताटात डोकं घालून बसायचे आणि याचा हात वर. "मी घेतली की." एकदा आम्ही सामने खेळून एसटीनं परत येत होतो. गर्दीत कंडक्टर त्याला चुकवून पुढं गेला. पोरं खूश. हा उठून, माणसं ओलांडत कंडक्टरपर्यंत गेला आणि म्हणाला, "माजं ऱ्हायलंय." पोरं पुढं महिनाभर त्याला त्या वाक्यानं हाका मारत होती. तोही हसायचा. राग त्याला यायचा नाही, यायचा तो स्वतःचा.

एकच गोष्ट त्याला सुरुवातीला जमत नव्हती. पाठलागाच्या वेळी बसलेल्या गड्याच्या पाठीला हात लावून मोठ्यानं 'खो' म्हणावं लागतं. हात आणि आवाज बरोबर हवेत, नाहीतर फाऊल. हा बुजरा. हात लावायचा आणि खो तोंडातल्या तोंडात म्हणायचा. पंचाची शिट्टी. मी कडेवरून ओरडायचो, "हात लावून काय उपयोग? शब्द कुठाय?" शेवटी मी त्याला रोज सकाळी रिकाम्या मैदानाच्या मधोमध उभं करून खो ओरडायला लावलं. शेजारच्या बंगल्यातले वकील तक्रार घेऊन आले, की पहाटे कोण हे खोकतंय?

आता जे लिहायचं ते थोडं अवघड आहे.

त्याला शिकायचं होतं. ही गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नाही, कारण ती माझ्या सोयीची नव्हती. वर्गात तो शेवटच्या बाकावर बसायचा, इंग्रजीच्या तासाला घामाघूम व्हायचा, पण बसायचा. एकदा परीक्षा आणि विद्यापीठाचं शिबिर एकाच आठवड्यात आलं. तो माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला. म्हणाला, "सर, पेपर देऊन मग शिबिराला आलो तर?" मी म्हटलं, "तू फक्त पळ. बाकीचं मी बघतो."

हे वाक्य मी कितीदा म्हटलं असेन. हजेरीचं मी बघतो, पेपरचं मी बघतो, नोकरीचं मी बघतो. त्याचे विषय राहत गेले. मी दरवेळी त्याच्या पाठीवर थाप मारायचो आणि तो दरवेळी "बरं सर" म्हणायचा. आज वाटतं, त्याचं सगळं आयुष्य मी माझ्या एका शब्दावर टांगून ठेवलं होतं. शब्द माझा होता, त्यामुळे मला तो भक्कमच वाटायचा.

ज्या वर्षीची गोष्ट, त्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आमच्याच मैदानावर होत्या. त्याआधी सलग काही वर्षं विजेतेपदाची ढाल दुसऱ्याच एका कॉलेजकडे जात होती, आणि संस्थेच्या अध्यक्षांना ते सहन होत नव्हतं. त्यांनी मला बोलावून विचारलं आणि मी, उत्साहात, यंदा ढाल इथंच राहील असं सांगून बसलो.

उपांत्य सामन्यात त्यानं हात वर केला. पंचानं पाहिलं नव्हतं. आम्ही जिंकलो, पण थोडक्यात. संध्याकाळी मी सगळ्या संघासमोर त्याला झापलं. म्हटलं, पंचाचं काम पंचाला करू दे. पंचानं पाहिलं नाही ते झालंच नाही.

त्यानं खाली मान घालून ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पर मला कळतं की सर. पाठीला कळतं."

"उद्या हात वर करायचा नाही," मी म्हणालो. "नोकरीचा प्रश्न आहे तुझ्या. निवड समितीची माणसं येणार आहेत बघायला."

त्यानं मान वर केली नाही. मी त्याचा होकार धरला.

अंतिम सामन्यात समोरच्या संघात त्याच्याच गावचा एक मुलगा होता. दोघं एकाच मंडळाच्या मैदानावर वाढलेले, एकाच शाळेत गेलेले. सामन्याआधी दोघांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून फोटोही काढला. त्या फोटोचं पुढं काय होईल याचा विचार कुणाच्या मनात आला असेल?

शेवटचा डाव. आमचा तो एकटाच उरला होता. शिट्टी होईपर्यंत त्यानं टिकायचं, की ढाल आमची. लोक कडेच्या दोरीला रेटून उभे होते, कुणीही बसलेलं नव्हतं. मी मावळतीकडच्या खांबाजवळ होतो. सूर्य अगदी खाली आला होता, माझ्या पाठीवर. समोरून येणाऱ्या पंचानं एक हात कपाळावर धरला होता, कारण ऊन त्याच्या डोळ्यांत जात होतं.

तो माझ्याकडे पळत आला. मागं त्याच्या गावचा मुलगा. खांबाजवळ तो वळला, त्या मुलानं खांब धरून सूर मारला, आणि त्याची दोन बोटं याच्या कमरेवर, पाठीच्या अगदी खालच्या भागाला टेकली. हात लांबवला असता तर मी त्या दोघांना शिवलो असतो इतक्या जवळ. मी ती बोटं पाहिली. बनियन आत दबलेला पाहिला. पंचाला काही दिसलं नाही, त्यानं शिट्टी मारली नाही. सूर मारलेला मुलगा तोंडावर पडला होता, त्यालाही कळलं नव्हतं, तो मातीवर हात आपटून चुकलं म्हणून हळहळत होता.

हा दोन पावलं पुढं गेला. मी ओठांतल्या ओठांत म्हणत होतो, पळ. पळ रे.

तो थांबला. हात वर केला.

"लागला."

मग शिट्टी झाली, समोरच्या बाजूनं आरोळी उठली, आणि आमच्या गर्दीतून एकाचा आवाज आला, "गाववाल्याला सोडली रे!" बस, एवढंच. कोण होता तो, मला आजही माहीत नाही. पण तो शब्द लोकांनी असा उचलला, जणू कुणी आधीच लिहून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांच्या खोलीत आम्हाला बोलावलं. अध्यक्ष, प्राचार्य, मी. तो दाराशी उभा होता, चपला बाहेर काढून. टेबलावर तो फोटो होता, खांद्यावर हात टाकलेला.

प्राचार्यांनी त्याला विचारलं. तो म्हणाला, हात लागला होता म्हणून सांगितलं. अध्यक्ष म्हणाले की पंचाला दिसला नाही, प्रेक्षकांना दिसला नाही, ज्यानं लावला म्हणतोस त्यालाही माहीत नाही. मग ते माझ्याकडे वळले.

"सर, तुम्ही खांबाजवळ होतात. लागला होता का?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनंती नव्हती. सर सांगतील आणि विषय संपेल, इतकी साधी नजर होती. दारातून एक शिपाई चहाचे कप घेऊन आत आला, त्यानं कप मांडले, तो गेला. तेवढा वेळ मला मिळाला होता.

"मला दिसलं नाही," मी म्हणालो.

का म्हणालो? लोकांना वाटेल अध्यक्षांना घाबरलो. भीती होती थोडी. पण त्यापेक्षा राग जास्त होता. मी सांगितलेलं असताना त्यानं हात वर केला याचा राग. ज्याची हजेरी मी लावली, ज्याला जेवायला मी घातलं, त्यानं माझं एक ऐकू नये? त्याच्या त्या एका 'लागला'चा बंदोबस्त मला तिथल्या तिथं करायचा होता, आणि तो मी माझ्या तीन शब्दांनी केला.

त्यानं वाद घातला नाही. नजर खाली नेली. जाताना सवयीनं म्हणाला, "येतो सर."

हॉस्टेल गेलं. विद्यापीठाच्या संघातून नाव गेलं. राहिलेले विषय तसेच राहिले. निवड समितीतल्या एका ओळखीच्या माणसाचा मला फोन आला, पोरगा कसा आहे म्हणून. मी म्हटलं, "खेळ चांगला आहे, पण..." आणि पुढं काही बोललो नाही. पलीकडच्या माणसानं ते वाक्य आपल्या मनानं पुरं करून घेतलं असावं. नोकरी दुसऱ्या कुणालातरी लागली.

गावी गेल्यावर त्याचं काय झालं हे मला त्याच्या बायकोनं पुष्कळ वर्षांनी सांगितलं. गावानं त्याला खांद्यावर घेतलं. वेशीपासून मंडळापर्यंत हलगी वाजवत नेलं. का, तर यानं गावच्या पोरासाठी मॅच सोडली. हा ओरडून सांगत होता, "अरं लागला हुता!" लोक डोळा मारून म्हणत होते, "व्हय व्हय, लागला हुता." बाहेर त्याला गद्दार म्हणत आणि घरी त्याच कारणासाठी गुलाल लावत. त्यातलं गुलालाचं त्याला जास्त लागलं. अंगाचा गुलाल धुवून टाकला आणि त्यानंतर तो मैदानावर गेला नाही.

दुष्काळाच्या एका वर्षी आमच्या कॉलेजचं शिबिर सांगोल्याकडच्या एका गावात होतं. दुपारी पाण्याचा टँकर आला. बायका घागरी, प्लास्टिकचे कॅन घेऊन धावल्या. टँकरवर उभा राहून पाइप सोडणारा माणूस मला आधी ओळखू आला नाही. पोट सुटलेलं, डोळे तांबारलेले. त्यानंच मला पाहिलं. खाली उतरून ओल्या हातांनी पाया पडला. भर दुपारी तोंडाला वास येत होता.

"बरं हाय का सर?"

मी विचारलं, "खेळतोस का आता?"

तो हसला. "कुणासंगं?"

गर्दीतली एक म्हातारी ओरडली, "आरं ए, गप्पा नंतर हाण, आमची पाळी गेली की." तो वर चढला. मी तिथं पाणी संपेपर्यंत उभा होतो. संपल्यावर तो माझ्याकडे हात करून टँकर घेऊन गेला. शिबिरात संध्याकाळी माझं व्याख्यान होतं, विषय होता खेळ आणि चारित्र्य. ते मी दिलं.

पुढं एकदा पिऊन चालवताना त्यानं टँकर एका बांधावर घातला. कुणाला इजा झाली नाही, पाणी मात्र सगळं वाहून गेलं. मालक म्हणत होता, रस्ता खराब होता असं सांग, मी निभावून नेतो. ज्या वस्तीवर पाणी जायचं होतं त्या वस्तीसमोर हा जाऊन उभा राहिला आणि त्यानं हात वर केला. "मी पिलो हुतो." काम त्याच दिवशी गेलं. त्याची बायको मला म्हणाली, "सर, त्या दिवशी मी रडले न्हाय. म्हटलं, हात वर झाला म्हंजे माणूस अजून आत जिता हाय."

तिनंच त्याला सोलापूरला आणलं. ती विड्या वळायला बसली, तो टॉवेलच्या कारखान्यात लागला. दारू सुटायला वेळ लागला, दोनदा सुटून पुन्हा लागली. पण त्या काळात तो संध्याकाळी मैदानाच्या दोरीशी येऊन उभा राहायला लागला होता. आत नाही, दोरीशी. आणि एक दिवस ऐकलं की तो पंचांच्या परीक्षेला बसतोय.

लेखी परीक्षा. ज्याला मी एक पेपर धड देऊ दिला नाही तो, डोक्यात पांढरे केस घेऊन, शाळकरी पोरांसारखा नियमांचं पुस्तक पाठ करत होता. बायको प्रश्न विचारायची, तो लूमच्या खडखडाटात ऐकायची सवय झाल्यामुळे उत्तरं ओरडून द्यायचा. भाड्याच्या खोलीच्या भिंती पातळ. शेजारची तेलुगू म्हातारी म्हणायची म्हणे, आता मलाही खो-खोचे नियम येतात. तो पास झाला. पुढं मुक्त विद्यापीठातून बी.ए.सुद्धा झाला. पेढे घेऊन माझ्याकडे आला होता. मी पेढा खाल्ला.

तुमच्यापैकी कुणी अलीकडे सोलापूर भागात खो-खोचे सामने पाहिले असतील, तर त्याला पंच म्हणून पाहिलं असेल. त्याच्या शिट्टीवर वाद व्हायचा नाही. सामना सुरू होण्याआधी तो दोन्ही संघांना जवळ बोलवायचा आणि दरवेळी तेच सांगायचा: "मला न्हाय दिसलं, तर मी न्हाय दिसलं म्हणीन. पण लागलेलं तुमाला कळतं. तुमचं तुमी बघा." पोरं सुरुवातीला हसायची. नंतर नंतर त्याच्या सामन्यांत एखादा हात वर जायला लागला. मी कडेला खुर्चीत बसलेला असायचो, आणि "मला न्हाय दिसलं" हे त्याच्या तोंडून आलं की मी मान दुसरीकडे वळवायचो. त्याचं ते खरं असायचं.

मला पंचाहत्तर पूर्ण झाली तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी त्याच मैदानावर मेळावा घेतला. सत्कार, शाल, प्रदर्शनीय सामना. पंच अर्थातच तो. मी ठरवून गेलो होतो. माझ्या बायकोला सकाळीच सांगितलं होतं, आज बोलणार आहे. ती म्हणाली, "बोलाल तेव्हा खरं." तिला सगळं माहीत होतं. तिच्याशी मी याबद्दल दर दिवाळीला ठरवत आलो होतो.

माझ्याआधी त्या वेळच्या संघातला एकजण माइकवर आला. आता तो मोठा कंत्राटदार आहे. भाषणात रंगात येऊन म्हणाला, "आमच्या पंचसाहेबांना त्या वर्षी गावाची आठवण आली नसती, तर ढाल इथल्या ऑफिसात असती." मांडव हसला. तो शिट्टी गळ्यात अडकवून कडेला उभा होता, तोही हसला. मग हात झटकून म्हणाला, "हाणा, हाणा. म्हातारपणी तरी सोडा."

मग माझं नाव पुकारलं.

उठलो. माइक हातात आला. पहिल्या रांगेत त्याची बायको होती. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाक्य पाठ होतं: त्या दिवशी हात लागला होता, मी पाहिला होता. एवढंच. माइकमधून माझा श्वास सगळ्या मैदानाला ऐकू येत होता. कुणीतरी पाण्याचा ग्लास पुढं केला. मी पाणी प्यालो. आणि मी शिस्तीवर बोललो. चांगलं बोललो असावं, टाळ्या फार वाजल्या.

कार्यक्रम संपल्यावर रिक्षा बघत होतो तर तो मोटारसायकल घेऊन समोर आला. "बसा सर. सोडतो घरी."

शाल, नारळ आणि स्मृतिचिन्ह सांभाळत मी मागं बसलो. संध्याकाळ होती. सात रस्ता चौकातल्या गर्दीतून तो बेतानं चालवत होता, प्रत्येक खड्ड्याआधी "धरा सर" म्हणत होता. त्याची पाठ माझ्यासमोर, वीतभर अंतरावर. शर्ट घामानं कमरेशी चिकटला होता.

आता, मी स्वतःला म्हणालो. इथं ना माइक आहे ना लोक.

सिग्नलला गाडी थांबली. तोच बोलला.

"सर, तो आज माइकवर बोलला त्याचं मनावर घिऊ नका. तुमाला बी वाईट वाटलं असंल." मग म्हणाला, "त्या दिवशी ऊन तुमच्या डोळ्यावर हुतं. मी तवाच सगळ्यांना सांगितलं हुतं. सरांना कसं दिसंल, म्हटलं. ऊन हुतं."

त्या मैदानावर तो वर्षानुवर्षं पळाला होता. आता तिथं शिट्टी घेऊन उभा राहत होता. सूर्य कुठल्या खांबामागं मावळतो हे त्याला माहीत नव्हतं? की माहीत होतं, आणि इतकी वर्षं तो ते ऊन माझ्यासाठी उचलून दुसऱ्या बाजूला धरून उभा होता? मला त्याचा चेहरा दिसत नव्हता. मागून फक्त कान आणि पांढरे झालेले केस.

"हो रे," मी म्हणालो. "ऊन फार होतं."

सिग्नल सुटला. गाडी माझ्या गल्लीकडे वळली. कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान गेलं, पिठाची गिरणी गेली, आमच्या फाटकातला कडुनिंब दिसायला लागला. माझा उजवा हात शालीतून बाहेर आला. मी तो त्याच्या कमरेवर, पाठीच्या अगदी खालच्या भागाला टेकवला. जिथं ती बोटं लागली होती तिथंच.

त्याला कळलं. त्याची पाठ ताठ झाली. गाडी हळू झाली आणि तो थांबला, मान न वळवता, माझ्या बोलण्याची वाट बघत.

"काय सर?"

"काही नाही," मी म्हणालो. "सावकाश चालव."